रफाराचा माग

१

तुरुंगात गेलेली माणसं परत येतात, यात नवल नाही. पण तुरुंगात गेलेलं पुस्तकांचं खोकं परत येतं, आणि तेही तुरुंगाच्या साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर ऐटीत बसून, हे वखारीनं त्या बुधवारी सकाळी पहिल्यांदाच पाहिलं. करवतवाल्यांनी करवत थांबवली. वखारीतलं मांजर, जे करवतीच्या आवाजात खुशाल झोपायचं, ते शांततेनं दचकून जागं झालं.

लाकडाच्या या वखारीमागे एक पत्र्याची शेड होती. गावातल्या लोकांनी दिलेली जुनी पुस्तकं तिथं गोळा व्हायची आणि दर बुधवारी टेम्पोतून कैद्यांसाठी तुरुंगात जायची. तुरुंगाचे नियम सासूपेक्षा कडक. पुस्तकाला जाड पुठ्ठा नको, पानावर पेन्सिलची रेघ नको, देणाऱ्याचं नाव नको आणि टाचणी तर नकोच नको.

साहेबांनी खोक्यातली, गेल्या काही आठवड्यांत आत गेलेली बारा पुस्तकं टेबलावर मांडली. खिशातून एक पत्र काढलं आणि वखारवाल्या अप्पांच्या हातात दिलं. अप्पा म्हणजे वखारीचे मालक आणि या पुस्तक मंडळाचे तीस वर्षांचे अध्यक्ष. कोटाच्या छातीवर मंडळाचा पितळी बिल्ला, आवाज असा की ओंडका आपोआप बाजूला सरकावा.

अप्पांनी पत्र उघडलंसुद्धा नाही. परत साहेबांच्या हातात ठेवलं. "तुम्हीच वाचा, आणि मोठ्यानं वाचा. इथं लपवाछपवी नाही. सगळ्यांना कळू दे."

साहेबांनी पत्र बाजूला ठेवलं आणि एक पुस्तक उघडून सातवं पान खिडकीसमोर धरलं. पानातून उजेडाचे बारीक बारीक ठिपके आत आले.

"अक्षरांखाली टाचणीनं टोचलंय," साहेब म्हणाले. "शब्द ऐका. रस्ता. रात्री. मित्र. हत्यार. शुक्रवारी."



"परवा शुक्रवार आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी बाइंडरकडे पाहिलं.

मग सगळ्यांनीच पाहिलं. बाइंडर शेडच्या कोपऱ्यात पुस्तकांचे जाड पुठ्ठे काढून त्यांना पातळ कागदाची पाठ चिकटवायचा. खोटे दाखले छापल्याबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा झाली होती. चार भोगून झाली, उरलेली तीन चांगल्या वागणुकीवर टांगलेली.

"शुक्रवारी दुपारी बारा वाजता याला घेऊन माझ्या खोलीत या," साहेब म्हणाले. "तोवर हे टोचणारा दुसरा कोणी सापडला तर ठीक. नाहीतर हा परत आत. पूर्ण तीन वर्षं."

बाइंडरच्या हातातला खळीचा ब्रश तसाच राहिला. खळ थेंबाथेंबानं त्याच्या चपलेवर पडत होती, आणि ते पाहणारी एकच बाई त्या शेडमध्ये होती. त्याचा डबा घेऊन आलेली त्याची मावशी.

२

मावशी त्याची सख्खी, पण गावानं तिला सामायिक करून टाकलं होतं. चाळीस वर्षं तिनं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. अक्षराच्या डोक्यावरचा रफार कुणाकडून राहिला तर तिला म्हणे झोपेत समजायचं. म्हणून तिचं नाव पडलं रफारमावशी. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत तिनं अकरा चुका काढल्या होत्या आणि नवी पत्रिका छापून येईपर्यंत लग्न पुढं ढकललं होतं. दुसऱ्या पत्रिकेत चार निघाल्या. तिसरी येईपर्यंत नवरदेवच दुसरीकडे बोहल्यावर चढला, असं लोक सांगतात. लोकांचं काय, लोक काहीही सांगतात. ती आजवर एकटी आहे एवढं मात्र खरं.

साहेबांची गाडी गेली तशी ती भाच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"खरं सांग."

"मावशे, तूसुद्धा?"

"मीच आधी. मागच्या वेळी मी शेवटी विचारलं होतं. आठवतंय ना?"

आठवत होतं. मागच्या वेळी तो शपथेवर नाही म्हणाला होता, आणि तिच्याच माळ्यावर तीनशे कोरे दाखले निघाले होते.

"मी काही टोचलेलं नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे टोचा आहे, त्याचं भोक बघ. त्यातनं मुंगी सहकुटुंब जाईल. ही भोकं बारीक आहेत."

"बारीक सुई नाही तुझ्याकडे?"

"नाही."

फार पटकन म्हणाला. चाळीस वर्षांत मावशी एक गोष्ट शिकली होती. ज्या ओळीवरून नजर भरकन पुढं जाते, चूक त्याच ओळीत असते. ती उठली, त्याच्या टेबलाचा खालचा खण ओढला, कागदाच्या कात्रणांत हात घातला. हाताला एक कापडी पुरचुंडी लागली. आत बारीक सुई होती, दोऱ्यासकट.

तिनं ती सुई सातव्या पानावर 'मित्र'च्या खालच्या भोकात घातली. चपखल बसली.

भाचा खाली मान घालून बसला होता.

३

"पुरचुंडीखाली अजून एक गोष्ट आहे," तो शेवटी म्हणाला. "तीही बघ. मग काय बोलायचं ते बोल."

खाली एक जाडसर वही होती. ओबडधोबड, वेगवेगळ्या आकाराच्या पानांची, हातानं शिवलेली. मावशीनं उघडली. पहिल्याच पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'ताईस, परीक्षेत पहिली आल्याबद्दल, तुझा न रागावणारा दादा.' दुसऱ्यावर: 'हे वाचून झालं की भांडण मिटलं असं समजावं.' तिसऱ्यावर नुसतंच: 'आईकडून. जेवत जा.'

पुस्तकं भेट देताना लोक पहिल्या पानावर लिहितात तो मजकूर. तुरुंगाच्या नियमाप्रमाणे ही पानं फाडून जाळायची, आणि ते काम बाइंडरचं होतं.

"चार वर्षांत मला आत एक पत्र आलं नाही," तो म्हणाला. "तुझंही नाही. तुझा राग बरोबर होता, मी काही म्हणत नाही. पण ही पानं जाळायला हात होत नाही माझा. शिवून ठेवतो. नियम मोडलाय, म्हणून नाही म्हणालो."

मावशीनं वही मिटली. काही वेळ ती चष्मा पुसत बसली, आणि चष्मा स्वच्छ होता.

"गाढवा," ती म्हणाली. "ही सगळी पहिली पानं आहेत. टोचलेली सातवी, आठवी, नववी. हे तुझं काम नाही असं मला वाटायला लागलंय. पण मला वाटून तुझी तीन वर्षं वाचत नाहीत. आण ती बाराही पुस्तकं इकडे."

ती पानं उजेडासमोर धरू लागली आणि भाचा टोचलेले शब्द कागदावर उतरू लागला. साहेबांनी दाखवलेल्या सातव्या पानावरच चौतीस शब्द निघाले.

"रस्ता, रात्री, मित्र," मावशी म्हणाली, "पुढं?"

"म्हातारी. कुत्रा. बिस्कीट. उन्हाळा. चष्मा."

"म्हणजे चौतीसातले साहेबांनी सोयीचे पाच उचलले! म्हातारीनं कुत्र्याला बिस्कीट दिलं की तुरुंग फुटतो काय रे?"

तो त्या सकाळनंतर पहिल्यांदा हसला. मावशी मात्र हसत नव्हती. तिनं त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. म्हातारी, कुत्रा, बिस्कीट. म्ह, त्र, स्क.

"जोडाक्षरं," ती पुटपुटली. "प्रत्येक शब्दात जोडाक्षर आहे, आणि भोक बरोबर त्याच्याच खाली."

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी मंडळात आल्याच्या तारखेचा शिक्का असायचा. मावशीनं पुस्तकं तारखेप्रमाणे ओळीनं लावली. सगळ्यात जुन्या पुस्तकात 'त्या' आणि 'च्या'सारख्या अक्षरांखालीही भोकं होती. पान म्हणजे चाळण. पुढं पुढं भोकं कमी होत गेली होती. बाराव्या पुस्तकात पानामागे तीन-चार, तीही 'ज्ञ', 'क्ष्म' असल्या भारी गड्यांखाली.

मावशीचा आवाज एकदम खाली आला. "खुणांची भाषा असती तर पहिल्या दिवशी जेवढी तेवढीच शेवटच्या दिवशी असती. ही दर आठवड्याला शहाणी होतेय. दार लाव जरा."

"का?"

"कारण आपल्यातल्या एकाला वाचता येत नाही. आणि तो चोरून शिकतोय."

४

पुस्तक शेडमध्ये आलं की आठवडाभर तिथं राहायचं. त्या आठवड्यात त्याला चौघांचे हात लागायचे. बाइंडर, पानं तपासणाऱ्या बाई, टेम्पोवाला आणि अप्पा. बाइंडर तर छापखान्यातला, त्याला अक्षरं फार चांगली येत होती. तिथंच तर घोड्यानं पेंड खाल्ली होती. उरले तिघं.

टेम्पोवाल्याला सगळे हॉर्न म्हणायचे. तो टेम्पोच्या सावलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडला होता.

"काय वाचतोयस?" मावशीनं विचारलं.

"भविष्य. लिहिलंय, आज एक वयस्कर स्त्री डोकं खाईल."

"दाखव कुठं लिहिलंय ते."

"मावशी, माझ्यावर संशय?" तो ताडकन उठून बसला. "अहो, कुलूप तुमच्या बाइंडरच्या हातात, सुई त्याच्या खणात. आणि चौकशी माझी? गरीब बघून दगड मारायचा!"

सुईची बातमी अर्ध्या तासात इथवर पोचली होती.  मावशी टेम्पोच्या मागं गेली. फळीवर लाल रंगात लिहिलं होतं: 'हॉर्न द्या.' हॉर्नवरचा रफार एवढा मोठा की टपाला टेकला होता.

"हे कोणी रंगवलं?"

"मी. का? चुकलंय?"

"नाही," मावशी म्हणाली. "रफार जरा जेवून आल्यासारखा वाटतो. पण आहे जागेवर."

मग ती बाईंकडे गेली. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. प्रत्येक पुस्तक पानन् पान तपासायचं काम त्यांचं. मनगटी घड्याळाच्या पट्ट्याला सेफ्टी पिन, ओठ सेफ्टी पिन लावल्यासारखे बंद. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला मंडळात घेऊ नका, असं लेखी देणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

"मी आधीच सांगितलं होतं," त्यांनी सुरुवात केली.

"ते झालंच. पण पानन् पान तुम्ही तपासता, मग तुम्हाला भोकं कशी दिसली नाहीत?"

बाईंचे ओठ आणखी आवळले. "मी पेन्सिलच्या रेघा बघते. पान उजेडासमोर धरून बघायला मी काही नोट तपासत नाही."

"पुस्तकं घरी नेता?"

"मी नाही. अप्पा नेतात. दर आठवड्याला एखादं. फार वाचनवेडा माणूस. आणि सोमवारी..." इथं मुख्याध्यापिकाबाई चक्क लाजल्या. मावशीनं ते दृश्य आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि दुसऱ्यांदा पाहण्याची तिची तयारी नव्हती. "सोमवारी ते माझ्याकडून दोन-तीन पानं मोठ्यानं वाचून घेतात. माझा आवाज त्यांना आवडतो म्हणे. पुस्तक त्यांच्याच हातात असतं, मी शेजारून बघून वाचते. ते डोळे मिटून ऐकतात."

"डोळे मिटून?"

"हो. पानाच्या पाठीवरून हळूहळू बोट फिरवत. रसिक माणूस आहे."

५

संशय आला म्हणून पुरावा येत नाही. अप्पांनी तीस वर्षांत वाचनावर किती भाषणं केली याची मोजदाद नव्हती. एकदा म्हणे त्यांच्या भाषणानं भारावून एका चोरानं ग्रंथालय फोडलं होतं. त्या माणसाला वाचता येत नाही असं म्हणणं म्हणजे पोहण्याच्या मास्तरला पाण्याची भीती वाटते म्हणण्यासारखं. गावानं मावशीला वेड्यात काढलं असतं.

गुरुवारी सकाळी तिनं बारा पुस्तकं पुन्हा तपासली. आता भोकं असलेले शब्द नव्हे, नसलेले. सगळ्यात जुन्या पुस्तकात तर एकही जोडाक्षर सुटलं नसणार, असा तिचा हिशेब. आणि एकदम ती थबकली. 'खुर्ची'. खाली भोक नाही. 'अर्धा'. नाही. 'शर्ट', 'गर्दी', 'वर्ष'. कुठंच नाही. तिनं बाराही पुस्तकं पालथी घातली. एवढ्या शेकडो भोकांत रफाराच्या वाट्याला एकही आलेलं नव्हतं.

रफारमावशीला तो जवळजवळ वैयक्तिक अपमान वाटला.

'त्या'वर अडणारा माणूस 'खुर्ची'वर अडत नाही? हे कसं? डोकं शांत करायला ती शेडबाहेर आली आणि ओंडक्यांच्या राशीसमोर उभी राहिली. ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडांवर रंगानं अक्षरं लिहिलेली होती. सा म्हणजे साग, पा म्हणजे पाइन, दे म्हणजे देवदार. काही अक्षरांच्या डोक्यावर एक बारीक आकडी होती. अगदी हुबेहूब रफार.

"ही आकडी कसली?" तिनं करवतवाल्याला विचारलं.

"मोजून झाल्याची खूण," तो म्हणाला. "आकडी दिसली की तिकडे बघायचं नाही, सरळ पुढं जायचं. अप्पांच्या वडिलांपासूनची रीत. अप्पा नऊ वर्षांचे असल्यापासून या राशीतच वाढलेत. बापानं शाळेत घातलंच नाही, वखारीतच अक्षरं गिरवली असं सांगतात."

"लाकडावर जोडाक्षर लिहिता कधी?"

"कशाला? एका अक्षरात काम भागतं."

मावशी शेडमध्ये परत आली तेव्हा तिच्या चपलांखालचा भुसा उडत होता. दाराशी कालच्या गोंधळात जायचं राहिलेलं एक खोकं बांधून तयार होतं. तुरुंगातल्या विणकाम विभागानं हातमागावरची पुस्तकं मागवली होती. त्या विभागासाठीचं खोकं.

"हे कोणी भरलं?" तिनं हॉर्नला विचारलं.

"अप्पांनी. सोमवारी, एकट्यानं. कोणाला हात लावू दिला नाही. आपण निवडलेली पुस्तकं म्हणून सगळ्यांना सांगत होते."

मावशीनं दोरी सोडली. वरचं पुस्तक विणकामाचं होतं. त्याखालचंही. तिसरं मात्र डोंगरातल्या जुन्या पायवाटांचं वर्णन होतं. मुखपृष्ठावर चित्र नव्हतं, फक्त ठळक अक्षरांत नाव.

'जुने मार्ग.'

रफारावर बोट ठेवून तिनं नाव वाचलं. 'जुने माग.' हॉर्न बघतच राहिला. आजवर मावशीनं मुद्दाम चुकीचं काही वाचल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं.

६

अप्पा वखारीच्या टोकाला एका ओंडक्यावर बसले होते.

"हे पुस्तक विणकामाच्या खोक्यात तुम्हीच ठेवलंत?" मावशीनं विचारलं.

"मीच," अप्पा अभिमानानं म्हणाले. "मागाचं आहे ना! जुनं आहे, पण माल पक्का."

मावशीच्या जिभेच्या टोकाशी दुरुस्ती आली होती. तिनं ती गिळली. चाळीस वर्षांत तिनं गिळलेली ही पहिली चूक, आणि ती तिला काट्यासारखी टोचली.

"अप्पा, सोमवारी बाई वाचतात तेव्हा पानाच्या पाठीवर तुमचं बोट काय शोधतं?"

अप्पांचा हात आपोआप छातीवरच्या बिल्ल्याकडे गेला. बिल्ल्यामागच्या पिनेचं टोक कोटाबाहेर आलं होतं. त्यांनी ते बोटानं आत सारलं.



"डोळे उघडे ठेवले तर ओळ सुटते," ते शेवटी म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. "घरी जिथं अडलो तिथं टोचून ठेवायचं, सोमवारी बोटाला भोक लागलं की कान टवकारायचे. बाई काय म्हणाल्या ते पाठ करायचं. बासष्टाव्या वर्षी, मावशी. पेन्सिल लावली असती तर बाईंनी पकडलं असतं."

"माझा भाचा उद्या आत जातोय."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय? तीस वर्षं मी लोकांना सांगतोय, वाचा. उद्या शाळेतली पोरंसुद्धा मला धडा दाखवून पळतील. तो आत राहून आलेला आहे. त्याला सवय आहे." हे शेवटचं वाक्य तोंडातून पडलं आणि त्यांना स्वतःलाच ते ऐकवलं नाही. ते उठले, कोट झटकला. "माझं उद्या बारा वाजता भाषण आहे. दुसऱ्या गावी."

"विषय?"

 अप्पा ओंडक्यांमधून निघून गेले. विषय काय असणार हे करवतीखालचं लाकूडही सांगू शकलं असतं.

७

शुक्रवारी पावणेबाराला तुरुंगाच्या कचेरीत साहेबांसमोर तिघं बसली होती. मावशी, बाई, आणि मांडीवर कपड्यांची बॅग घेतलेला बाइंडर. बॅगेत काय न्यायचं हे त्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं. टेबलावर ती बारा पुस्तकं होती आणि एक छापील कागद. त्यावर फक्त साहेबांची सही व्हायची राहिली होती.

"मग, कोण?" साहेबांनी विचारलं.

मावशीनं तोंड उघडलं तेवढ्यात दार उघडलं. कोट नाही, बिल्ला हातात, धापा टाकत अप्पा.

"मी," अप्पा म्हणाले. "भोकं माझी आहेत. मला वाचता येत नाही. शिकत होतो."

बाईंच्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज आला. साहेबांनी मात्र शांतपणे पेनाचं टोपण काढलं.

"अप्पा, तुमचं मन मोठं आहे. पण कैद्याला वाचवायला इतकं खोटं? तुम्हाला वाचता येत नाही?"

"द्या काहीही."

साहेबांनी एक पुस्तक उघडून समोर सरकवलं. अप्पा वाचू लागले. 'विज्ञान' आलं, अडले. 'लक्ष्मण' आलं, अडले. 

"असं तर मीही अडखळून दाखवीन," साहेब म्हणाले. "वाचता येतं हे सिद्ध करता येतं. येत नाही, हे कसं सिद्ध करणार?" आणि त्यांनी सहीचा कागद पुढं ओढला.

बाइंडरनं बॅगेचे बंद हातात घेतले.

"एक मिनिट," मावशी म्हणाली. "साहेब, खोटं अडखळणारा कुठं अडखळतो? जिथं अवघड दिसतं तिथं. बरोबर? अप्पा, ही खिडकीबाहेरची पाटी वाचा."

बाहेर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'सर्व अर्जदारांनी दारापाशी गर्दी करू नये.'

अप्पांनी डोळे बारीक केले. आणि मग त्यांचा चेहरा उजळला. एकाही ठिकाणी न थांबता, भाषणाच्या आवाजात, ते धडाधड वाचून गेले:

"सव अजदारांनी दारापाशी गदी करू नये!"

त्यांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. "बघा! एकदाही अडलो नाही. अख्खी पाटी!"



"अर्थ काय झाला, अप्पा?" मावशीनं हळूच विचारलं.

"सोपं आहे. आजारी माणसांनी दारापाशी गादी टाकू नये. जाण्यायेण्याला अडचण होते."

साहेबांच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. बाई रुमालात तोंड लपवून खोकल्या, पण तो खोकला नव्हता.

"रफार त्यांना दिसतच नाही," मावशी म्हणाली. "त्यांच्या वखारीत अक्षरावर आकडी म्हणजे मोजून झालेला माल, पुढं चला. म्हणून तिथं ते अडत नाहीत, आणि म्हणून या बारा पुस्तकांत शेकडो भोकं आहेत पण रफाराखाली एक नाही. शोधा. माझा भाचा छापखान्यातला. त्यानं सोंग केलं असतं तर रफाराखाली आधी टोचलं असतं. आपण काय चुकतोय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचं सोंग कोण करणार? आणि साहेब, तो आनंद बघितलात ना? तो शिकवून येत नाही."

साहेबांनी पुस्तकं ओढली. एक, दोन, पाच, सात. पान खिडकीकडे, पान खाली. घड्याळात बारा वाजले, सव्वाबारा झाले. बाराव्या पुस्तकाचं शेवटचं टोचलेलं पान मिटून त्यांनी सहीचा तो कागद मधोमध फाडला, मग तुकडे जुळवून पुन्हा फाडला.

"जा," ते बाइंडरला म्हणाले. कैद्याला म्हणतात तसं नव्हे. पाहुण्याला म्हणतात तसंही नव्हे, पण त्याच्या जवळपास.

अप्पा अजून पाटीकडेच बघत होते. "म्हणजे मी चुकलो?" त्यांनी विचारलं. "कुठं?"

कुणी सांगायच्या आत बाइंडर त्यांच्यासमोर उभा राहिला. "दोन दिवस, अप्पा. दोन दिवस मी बॅग भरून बसलो होतो, आणि तुम्हाला माहीत होतं."

अप्पांनी मान खाली घातली. माफ करा असं त्यांच्या तोंडून निघालं असावं, पण सवय नसल्यामुळे ते नीट ऐकू आलं नाही.

तुरुंगाच्या दारात एक वही होती. बाहेर जाणाऱ्यानं सही करायची आणि शेजारी येण्याचं कारण लिहायचं. आजवर या वहीत बाइंडरचं नाव पहारेकऱ्यानं लिहिलेलं होतं, आत जाताना. आज त्यानं ते स्वतः लिहिलं, सावकाश, आणि वाळेपर्यंत त्याकडे बघत राहिला.

मागं अप्पा. सही त्यांनी झोकात केली, ती त्यांना चित्रासारखी पाठ होती. कारणाच्या रकान्याशी हात थांबला. "तू लिही रे," ते बाइंडरला म्हणाले.

"नाही. तुम्हीच लिहा. अडलं तर सांगेन."

बाहेर हॉर्ननं हॉर्न वाजवला. रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली. अप्पांनी जीभ दातांत धरून, एकेक फाटा मोजत, दोन अक्षरं काढली. ना जोडाक्षर, ना आकडी.

'चुक.'

"चू दीर्घ पाहिजे, अप्पा," बाइंडर म्हणाला.

अप्पांनी पेन पुन्हा टेकवलं, आणि वही हलू नये म्हणून बाइंडरनं ती खालून धरली.